अडकलेल्या रडरसह अप्रोच: पुण्यातील एका ७३७ सिम्युलेटर केंद्रातील तासभर

पुण्यातील ज्या सिम्युलेटर केंद्रात मी गेल्या महिन्यात एक तास बोइंग ७३७-८०० च्या कॉकपिटमध्ये बसलो, तिथे येणारे बहुतेक लोक कोणीतरी भेट दिलेले कूपन घेऊन येतात, मुंबईहून उड्डाण करून गोव्याला उतरतात, कॅप्टनच्या खुर्चीत फोटो काढून घेतात आणि आनंदाने घरी जातात. मलाही मुलीने साठाव्या वाढदिवसाला तेच कूपन दिले होते. मी मात्र वेळ ठरवतानाच विचारून घेतले की, विमान उतरण्याच्या तयारीत असताना त्याचे रडर, म्हणजे शेपटीवरचे नाक डावी-उजवीकडे वळवणारे उभे पाते, एका बाजूला जाऊन अडकले तर वैमानिकाच्या हातात काय उरते, हे मला करून पाहता येईल का. केंद्राने ही विनंती मान्य केली, तिच्यासाठी वेगळे शुल्क घेतले नाही, आणि मी पोहोचलो तेव्हा प्रशिक्षिकेने त्या दिवशीची उंची, वेग आणि धावपट्टी यांची मांडणी आधीच करून ठेवली होती. एवढ्या तयारीबद्दलच त्यांना चांगले गुण द्यावे लागतात. तो तास पैशांच्या मोबदल्यात पुरेपूर वसूल झाला. मात्र ज्या एका गोष्टीसाठी मी गेलो होतो ती, म्हणजे रडर हलवणाऱ्या पायाखालच्या पेडलचा ताठरपणा, तिथे मिळत नाही, आणि हे नोंदणीच्या वेळीच ग्राहकाला सांगायला हवे.

माझी ही उत्सुकता कुठून आली ते सांगणे भाग आहे. भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये मी चौतीस वर्षे मेंटेनन्सला होतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या सान्निध्यात गेला. स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकून ऑइलची वाट उघडणारा-मिटणारा दांडा, अडकला म्हणजे काय होते, हे ज्याने हाताने सोडवले आहे त्यालाच नीट कळते. व्हॉल्व्ह खोलायचा, स्पूल केरोसीनमध्ये धुवायचा, ऑइलचे बोट फिरवायचे आणि स्लीव्ह, म्हणजे त्याची बाहेरची नळी, उभी धरून तो वरून अलगद सोडायचा. स्वतःच्या वजनाने तो सावकाश, न थांबता खाली उतरला पाहिजे, ही आमच्याकडची साधी कसोटी होती. मध्ये कुठे थबकला तर तिथे डोळ्यांना न दिसणारा ओरखडा किंवा धातूचा कण असणारच. आणि कधी कधी असेही होई की काल रात्री प्रेस मध्येच थांबवणारा स्पूल सकाळी टेबलावर काढून पाहावा तर लोण्यासारखा सरकत असे. दोष होता, पण त्याने मागे काहीही ठेवलेले नसे. सुपरवायझरला हे पटवून देताना तोंडाला फेस येई.

म्हणूनच बोइंग ७३७ च्या रडरची हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा ती मला परक्या देशातली वाटली नाही. ३ मार्च १९९१ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे ५८५ क्रमांकाचे उड्डाण डेन्व्हरहून कोलोराडो स्प्रिंग्जला उतरत असताना जमिनीपासून सुमारे हजार फुटांवर उजवीकडे कलंडले आणि दहा सेकंदांच्या आत कोसळले. विमानातील सर्व २५ जण गेले. डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याचा भोवरा, की रडरमधला बिघाड, याचा निर्णय पहिल्या अहवालात होऊ शकला नाही. त्यानंतर ८ सप्टेंबर १९९४ रोजी, संध्याकाळी स्वच्छ हवेत, शिकागोहून पिट्सबर्गला येणारे यूएसएअरचे ४२७ क्रमांकाचे उड्डाण सहा हजार फुटांवर आणि १९० नॉटच्या (ताशी सुमारे ३५० किलोमीटर) वेगाने धावपट्टीच्या दिशेने येत असताना सुमारे चार मैल पुढे असलेल्या एका ७२७ विमानाच्या पंखांमागील भोवऱ्यात सापडले. हा धक्का तसा किरकोळ होता. पण त्याच क्षणी विमानाचे नाक डावीकडे वळू लागले, डावा पंख खाली गेला, आणि पहिल्या धक्क्यापासून सुमारे २८ सेकंदांत विमान जमिनीवर आदळले. १३२ जणांपैकी कोणीही वाचले नाही. आवाजाच्या नोंदीत सहवैमानिकाचा जोर लावतानाचा, दम कोंडल्यासारखा आवाज आहे, आणि तपास करणाऱ्यांनी त्या आवाजाचाही अभ्यास केला. तो माणूस पायाने काहीतरी दाबत होता आणि ते दबत नव्हते.

तिसरी घटना कमी लोकांना माहीत आहे, पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची तीच आहे. ९ जून १९९६ रोजी ईस्टविंड एअरलाइन्सचे ५१७ क्रमांकाचे उड्डाण ५३ जणांना घेऊन रिचमंडला उतरायला निघाले असताना, सुमारे चार हजार फुटांवर, तसेच एका बाजूला ओढले गेले. कॅप्टनने विरुद्ध बाजूचे पेडल दाबले तर ते ताठ लागले. त्याने योक, म्हणजे हातातले सुकाणू, विरुद्ध दिशेला वळवून धरले, एका इंजिनाचा जोर वाढवला, आणि काही वेळाने ते ओढणे आपोआप थांबले. विमान सुखरूप उतरले. त्या वेळी विमानाचा वेग सुमारे २५० नॉट होता. १९० आणि २५० या दोन आकड्यांमधले अंतर मला स्वतःच्या हातांनी मोजायचे होते.

७३७ ला एकच मोठा, अखंड रडर आहे आणि तो हलवणारे मुख्य हायड्रॉलिक युनिटही एकच होते. त्या युनिटच्या सर्व्हो व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पेडलच्या हुकमाप्रमाणे ऑइल सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, आमच्या स्पूलसारख्या, एकात एक बसणाऱ्या दोन स्लाइड होत्या. बाहेरची स्लाइड हाउसिंगमध्ये सरकते, आतली स्लाइड बाहेरच्या स्लाइडमध्ये सरकते, आणि एक अडकली तर दुसरीने काम सांभाळून न्यावे, हा त्यामागचा हेतू होता. कागदावर हा विचार उत्तम आहे. मीही तो ड्रॉइंगमध्ये पाहिला असता तर मान डोलावली असती. पण बाहेरची स्लाइड मधल्या स्थितीपासून दूर अडकली आणि वैमानिकाने घाबरून पेडल जोरात दाबले, तर आतली स्लाइड तिच्या नेहमीच्या हद्दीपलीकडे जाऊन ऑइलची वाट उलट्या बाजूला उघडू शकते. मग उजवे पेडल जितके जोरात दाबावे तितके रडर डावीकडे जाते. १९९६ साली ४२७ च्या विमानातील व्हॉल्व्ह अतिशय थंड करून त्यात एकदम गरम हायड्रॉलिक ऑइल सोडण्यात आले, तेव्हा तो अडखळला. आणि अशा अडखळण्याची खूण धातूवर राहीलच असे नाही, हेही तपासात मान्य झाले. हा भाग वाचताना मला टेबलावर लोण्यासारखे सरकणारे आमचे स्पूल आठवले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने साडेचार वर्षांच्या तपासानंतर मार्च १९९९ मध्ये ४२७ चे कारण हेच असल्याचे सांगितले, आणि २००१ मध्ये ५८५ चा अहवालही पुन्हा लिहिला.

आता केंद्राबद्दल. एका व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हे कॉकपिट आहे. ते स्थिर आहे, म्हणजे खालून हलवणारे जॅक त्याला नाहीत. तरीही समोरचा वक्र पडदा इतका रुंद आहे की विमान कलंडल्यावर पोटात खड्डा पडतो. दोन प्रोजेक्टरच्या चित्रांमधला सांधा उजव्या बाजूला किंचित दिसतो, आणि क्षितिज तिरके झाले की तो अधिक जाणवतो. योक जड आहे. गुडघ्याशेजारचे ट्रिमचे, म्हणजे विमानाचा तोल साधणारे, काळे चाक खरोखर फिरते आणि फिरताना खटखट आवाज करते. पहिल्यांदा ते आपोआप फिरले तेव्हा मी पाय आखडून घेतला. एअर कंडिशनिंग चांगले आहे, खुर्च्या मात्र उंच माणसाला मागे सरकवूनही अपुऱ्या पडतात.

प्रशिक्षिका पंचविशीतली होती. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना तिच्याकडे आहे आणि एअरलाइनच्या नोकरीची वाट पाहत असताना ती इथे शिकवते. शिकवण्याची तिची हातोटी हीच या केंद्राची सर्वांत भक्कम बाजू आहे. पहिली पंधरा मिनिटे तिने मला सरळ उडायला, वळायला आणि वेग धरून ठेवायला लावले. मला घाई झाली होती. ती म्हणाली, “काका, सरळ विमानाचा हाताला अंदाज आला नाही तर वाकड्याचा काय येणार?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पहिला प्रयोग सहा हजार फूट, १९० नॉट, फ्लॅप (कमी वेगात विमान तोलून धरायला पंखांतून बाहेर काढायची पाती) एकवर. कधी बिघाड घालणार हे तिने सांगितले नाही. दूरवर धावपट्टी शोधत असताना नाक डावीकडे सरकले आणि पाठोपाठ डावा पंख खाली गेला. मी योक उजवीकडे वळवला, आणखी वळवला, शेवटी टेकेपर्यंत वळवला, आणि तरीही पंख खालीच जात राहिला. हा क्षण मी शब्दांत नीट सांगू शकत नाही. चौतीस वर्षे यंत्रांबरोबर काढल्यावर हाताला एक सवय लागलेली असते की पुरेसे फिरवले तर काहीतरी बदलेल. इथे पुरेसे संपले होते आणि काहीच बदलले नव्हते. क्षितिज उभे झाले तशी जमीन काचेत वर चढू लागली आणि मी, कोणाही माणसाने केले असते तेच केले, योक दोन्ही हातांनी छातीकडे ओढला. विमान थरथरले आणि अधिकच वेगाने पलटले. पडदा थिजला. तिने घड्याळ पाहून सांगितले, “सव्वीस सेकंद.” आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही.

त्यानंतर तिने पेन घेऊन कागदावर जे समजावले त्यासाठीच हा तास घ्यावा, असे माझे मत आहे. रडर नाक ढकलते तेव्हा विमान कलतेही. ते कलणे थोपवायला पंखांवर, योकने हलणारी, एलेरॉन आणि स्पॉयलर नावाची पाती असतात. वेग जास्त असतो तेव्हा एलेरॉनची ताकद पूर्ण वळलेल्या रडरला पुरून उरते. वेग कमी होत गेला की एक टप्पा असा येतो जिथे दोघे बरोबरीचे होतात; त्याला क्रॉसओव्हर स्पीड म्हणतात, आणि त्याच्या खाली रडर जिंकते. ४२७ चे विमान १९० नॉटला त्या उंबरठ्यावरच उभे होते. शिवाय योक ओढला की पंखांचा हवेशी कोन वाढतो आणि तो उंबरठा आणखी वर सरकतो, म्हणजे जो वेग क्षणापूर्वी पुरेसा होता तोच अपुरा ठरतो. १९९४ पूर्वीच्या वैमानिकांना हे असे शिकवलेलेच नव्हते, हे ध्यानात घेतले की त्या कॉकपिटमधल्या दोघांकडे बोट दाखवायला मन होत नाही.

दुसऱ्या प्रयोगात वेग २५० नॉट आणि फ्लॅप आत. बिघाड तोच, बाजू तीच. नाक तसेच डावीकडे झटकले गेले, पंख खाली जाऊ लागला, मी योक उजवीकडे वळवला, आणि पंख थांबला. टेकेपर्यंत वळवावाही लागला नाही. विमान अंग चोरून चालणाऱ्या माणसासारखे तिरके जात होते, पण आकाशात होते. तिच्या सांगण्यावरून मी डाव्या इंजिनाचा जोर थोडा वाढवला तसा हातावरचा ताण कमी झाला. तीन-चार मिनिटे मी तसाच उडत राहिलो आणि माझे मनगट दुखू लागले तरी सोडावेसे वाटेना. ईस्टविंडच्या त्या ५३ जणांना याच फरकाने घरी पोहोचवले.

तिसरा प्रयोग पुन्हा १९० नॉटचा, फक्त या वेळी काय करायचे ते माहीत होते. पंख खाली जाताच मी योक उजवीकडे वळवला आणि त्याच वेळी पुढे ढकलला. समोर जमीन दिसत असताना नाक आणखी खाली घालायला हात तयार होत नाही, ती शेजारून शांत आवाजात म्हणत होती, “ओढू नका काका, ओढू नका, वेग येऊ द्या.” वेगाचा आकडा चढत गेला, २१०, २२०, २२५ आणि मग पलटणे मंदावले, थांबले, आणि पंख सावकाश सरळ होऊ लागले. उंची साडेतीन हजारांच्या आसपास उरली होती. इथे तिने बिघाड काढून घेतला, कारण रडर अडकलेलेच ठेवून धावपट्टीवर उतरण्याइतका वेग कमी केला असता तर आम्ही पुन्हा त्याच उंबरठ्याखाली गेलो असतो. हे तिने मी न विचारता सांगितले. ग्राहकाला टाळ्या वाजवून धावपट्टीवर उतरवून देणे सोपे होते.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव पेडलची आहे. रडर पूर्ण डावीकडे अडकलेले असताना माझ्या पायाखालची पेडल स्प्रिंगवर नेहमीसारखी मऊ हलत होती. ईस्टविंडच्या कॅप्टनला जे ताठ लागले आणि ४२७ च्या सहवैमानिकाला ज्याच्याशी झुंजावे लागले, त्याचा इथे मागमूस नाही. पेडल दाबूनही रडर उलटे जाते ही अवस्थाही सॉफ्टवेअरमध्ये नाही. त्यात फक्त रडर एका टोकाला नेऊन ठेवण्याची सोय आहे. पायाला प्रतिकार देणारी यंत्रणा महाग असते आणि एवढ्या शुल्कात ती अपेक्षित नाही, हे मला मान्य आहे. पण मग तसे आधीच सांगावे, आणि निदान बिघाडाच्या वेळी पेडल जागच्या जागी धरून ठेवणारा एखादा साधा ब्रेक बसवावा. आमच्या मेंटेनन्सच्या मुलांनी तो एका दिवसात करून दिला असता.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे, आणि ती न कळता घरी गेलेला माणूस चुकीची भीती घेऊन जाईल म्हणून सांगतो. कॉकपिट ७३७-८०० चे आहे, पण बिघाडाचे वर्तन जुन्या विमानांसारखे आहे. अपघातांनंतर ७३७ मध्ये रडरच्या हायड्रॉलिकचा दाब ठरावीक वेगाच्या वर कमी करण्याची व्यवस्था आली, व्हॉल्व्ह बदलले गेले, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने सर्व ७३७ विमानांवर नव्याने आखलेली रडर यंत्रणा बसवण्याचा आदेश देऊन त्यासाठी सहा वर्षांची मुदत घातली. आज आपण पुणे-दिल्ली किंवा मुंबई-कोचीन प्रवासात ज्या ७३७ मध्ये बसतो, त्यातले रडर मी अनुभवले तसे वागणारे नाही. मी विचारल्यावर प्रशिक्षिकेने हे स्पष्टपणे मान्य केले. न विचारणाऱ्यालाही ते कळले पाहिजे. पहिल्या प्रयोगाआधी दोन वाक्ये पुरेत.

माझ्या मागे बसून पाहणाऱ्या मुलीने एक प्रश्न विचारला, की असले प्रयोग खऱ्या विमानात शिकवत असतील का. मला ८ मार्च १९९४ चा दिल्लीचा अपघात आठवला. सहारा इंडिया एअरलाइन्सचे ७३७-२०० पालम विमानतळावर प्रशिक्षणासाठी उडत होते, एक इंजिन बंद पडल्याचा सराव चालू होता, शिकाऊ वैमानिकाकडून रडर चुकीच्या बाजूला दाबले गेले आणि विमान कोसळून तिथे उभ्या असलेल्या एका रशियन विमानावर गेले. विमानातील चौघांबरोबर जमिनीवरचीही माणसे गेली. त्या सरावातली चूक सिम्युलेटरमध्ये झाली असती तर पडदा थिजला असता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली असती. मुलगी त्यानंतर फोटो काढायचे विसरून गेली.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. तासाचे शुल्क साधारण देशांतर्गत परतीच्या तिकिटाएवढे पडते. सोबत एक जण मागच्या खुर्चीत विनामूल्य बसू शकतो. ठरलेल्या वेळेपेक्षा मला वीस मिनिटे थांबावे लागले, कारण आधीचे कुटुंब फोटो काढत होते. माझा वेळ मात्र त्यांनी कापला नाही. पातळ तळव्याचे बूट घालून जावे, जाड तळव्यातून पेडलचा जो थोडाफार अंदाज येतो तोही येत नाही. ज्यांना कानाच्या किंवा चक्करच्या तक्रारी आहेत त्यांनी पहिला प्रयोग डोळे पडद्यावर न ठेवता पाहावा. प्रयोगानंतर वेग आणि कलण्याचा कोन यांचा आलेख संगणकावर दाखवतात. तो छापून देत नाहीत, मागितला तर मोबाइलने फोटो काढू देतात. माझ्याकडे तिन्ही प्रयोगांचे फोटो आहेत, आणि तिसऱ्यातली वेगाची रेघ जिथे कलण्याच्या रेघेला वळवते ती जागा मी आमच्या कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्यांना दाखवली. दोघांनी नाव नोंदवले आहे.

वेळ संपल्यामुळे कोलोराडो स्प्रिंग्जची मांडणी राहून गेली. मी पुढच्या महिन्यातली वेळ घेतली आहे आणि प्रशिक्षिकेकडे तेच मागितले आहे: फ्लॅप बाहेर, चाके खाली, जमीन हजार फुटांवर. ती म्हणाली, “काका, त्यात नाक खाली घालायला जागाच नाही.” मी तिला सांगितले की मला ते ठाऊक आहे, तरीही एकदा त्या खुर्चीत बसायचे आहे.